दगडाखाली लाल शेपटाची सापसुरळी सापडली. विषारी हाय का? आन् कोणती?

बरडवाला_नान्नज

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबड लावून विचारायलोय, सांभाळून घ्या.

नान्नजच्या अलीकडं आमचं साडेचार एकर बरड रान हाय. टाच मारली की खणकन वाजतंय असं. वर मूठभर माती, खाली मुरूम, आणि जिथं बघावं तिथं ताटाएवढे चपटे दगड. पावसाळ्यात कुसळी आन् पवना उगवतो, दिवाळीनंतर त्याची कुसळं पायजम्यातनं आत शिरत्यात. आजोबांच्या काळात तिथं मेंढरं बसायची, बाकी काय नाय. यंदा वडिलांच्या डोक्यात बार्शीकडची सीताफळाची बाग बसलीय. मृगाच्या आत जेसीबी लावून दगड काढायचे, रान सपाट करायचं, असा बेत.

परवा वळीव झाला. रविवारी मी, वडील आणि माझी पोरगी (दुसरीत हाय) बांधाकडचे दगड हातानं वेचायला गेलो. एक दगड उचलला तर खाली ही. अंग माझ्या करंगळीपेक्षा बारीक, शेपूट धरून वीतभर पण नाही. तेल चोपडल्यागत चकाकत होती. पाठीवर काळ्या बारीक ठिपक्यांच्या ओळी, दोन्ही अंगाला पिवळट पट्टी, आणि शेपूट लाल. कुंकवासारखं नाही, वाळत घातलेल्या मिरचीसारखं. पाय इतके बारके की आधी दिसलेच नाहीत, मला वाटलं सापाचं पिल्लू.

वडिलांनी खोऱ्याचा दांडा आपटला. जनावर मुरमाच्या भेगेत गेलं आणि शेपूट बाहेर राहिलं. आन् ते शेपूट काय वळवळायलंय! दोन-तीन मिनिटं तरी उड्या मारत होतं. पोरीनं माझ्या खिशातली काडीपेटी घेतली, काड्या मातीत ओतल्या आणि शेपूट आत ठेवलं. आईनं बघितलं आणि घरात रामायण झालं. "सापाची मावशी हाय ती, चाटली तरी माणूस जातंय." पोरीचे हात राखेनं तीनदा धुतले. शेजारचे आप्पा म्हणाले, सापाला सवड नसली की तो मावशीला धाडतो. पोरगी त्या रात्री झोपली नाही, पण काडीपेटीबी सोडली नाही.

फोटो हाय पण पळताना काढलेला, नुसती लाल रेघ आलीय. तर विचारायचं हे की विष असतंय का, ही नेमकी कोणती, आन् शेपूट तुटलेलं जनावर जगतंय का (पोरीचा प्रश्न). आणि एक माझा, वडिलांना सांगू नका: सगळे दगड काढले तर ही जाणार कुठं?

पेठेतला_बुलबुल

अहो, ही तर पुण्याची सापसुरळी असणार! १९७० मध्ये आर. सी. शर्मा यांनी पुणे परिसरातून तिचं वर्णन केलं. आधी युमेसिस पूनाएन्सिस म्हणायचे, आता युरिलेपिस. खडकाळ माळावरच असते. सोलापुरात मिळाली तर मोठीच बातमी. नीट फोटो टाका ना.

बाळीवेस_बॉईज

का बे, पुणेकरास्नी सोलापूरच्या दगडाखालीबी पुणंच घावतंय व्हय 😄

जुना_चष्मा

बरडवाला, तुम्ही वर्णन फार चांगलं केलंय, फोटोपेक्षा बरं. मी सोलापुरात एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो. बाटल्यांतली स्पिरिट बदलणं, बेडूक आणून देणं, पोरांनी फोडलेल्या स्लाइडचा हिशेब ठेवणं हे माझं काम. सर लोक बदलले, बाटल्या आणि मी तिथंच. त्यामुळं पदवी नाही, पण सापसुरळ्या बऱ्याच बघितल्यात.

पहिलं आईंना सांगा: विष नाही. हिलाच नाही असं नव्हे, भारतात सापडणाऱ्या एकाही सापसुरळीला, पालीला, सरड्याला, घोरपडीला माणसाच्या जिवावर उठेल असं विष नाही. चाटली, चावली, अंगावरून गेली, दुधात पडली, काही होत नाही (दूध ओतून द्या, ते स्वच्छतेसाठी). एवढ्या तोंडानं चावली तर बोटाला चिमटासुद्धा धड बसत नाही.

मग ही भीती आली कुठून? तुम्हीच लिहिलंय की पाय आधी दिसलेच नाहीत. लांबोडकं चकचकीत अंग, नागमोडी चाल, झाकलेले पाय. घाईत बघणाऱ्याला साप आठवणारच. पण डोळ्यांकडं बघा. सापाला पापणी नसते, त्याच्या डोळ्यावर काचेसारखा खवला असतो, म्हणून तो टक लावून बघतो असं आपण म्हणतो. सापसुरळी पापणी मिटते. सापाला बाहेरून कानाचं भोक नसतं, हिला असतं. मावशी म्हणायचं तर मावशी फारच लांबची निघाली.

आता कोणती ते. बुलबुलराव, पुण्याची नाही. आमच्या बाजूला सापसुरळी म्हटलं की लोकांना आठवते ती कंपाउंडच्या भिंतीवर ऊन खात बसणारी जाडजूड, तपकिरी. ती युट्रोपिस कॅरिनाटा. तिच्या पाठीच्या खवल्यांवर उभ्या कडा असतात, उलट्या बाजूनं बोट फिरवलं तर कळतं. बरडवाल्यांची बारीक, गुळगुळीत, पाय नावापुरते, दगडाखाली मातीत घुसून राहणारी. हा गट रिओपा. पाठीवर ठिपक्यांच्या ओळी, बाजूंना फिकट पट्टे आणि लाल शेपूट हे सगळं एका जागी असलं की मी रिओपा पंक्टाटाचं पिल्लू म्हणेन. मोठी झाली की शेपटीचा लाल रंग विरत जातो. म्हणजे तुमच्या वडिलांनी मारलं असतं ते लेकरू होतं. हे वडिलांना सांगायचं का नाही ते तुम्ही ठरवा.

नावाची एक गंमत. माल्कम स्मिथचा सरड्या-पालींवरचा १९३५ चा जो जाडजूड खंड आमच्या कपाटात होता, त्यात ही रिओपाच होती. मग मधली कित्येक वर्षं सगळे तिला लायगोसोमा म्हणायला लागले, मी बाटलीवरची चिठ्ठी खोडून नवी लावली. २०१९ मध्ये अभ्यासकांनी आनुवंशिक तपासणी करून तिला परत रिओपात घातलं. तोवर मी रिटायर झालो होतो. चिठ्ठी कुणी बदलली का ते विचारायला हवं एकदा.

शेपटीचं. लाल रंग तिथंच का? कारण बघणाऱ्याची नजर तिथं जावी. खाटीक पक्षी असो, सापमार गरुड असो नाहीतर खोऱ्याचा दांडा, वार शेपटीवर यावा, डोक्यावर नको. शेपटीच्या मणक्यांत मुळातच कच्च्या रेघा असतात, बिस्किटाच्या पट्टीवर मोडायला असतात तशा. पकडलं की तिथले स्नायू आवळले जातात, शेपूट सुटतं, रक्त फार जात नाही. सुटलेल्या तुकड्यातल्या नसा स्नायूंना हलवत राहतात, आणि शत्रू नाचत्या तुकड्याकडं बघत बसतो. तुमच्याकडं तिघंजण बघत बसले आणि मालकीण भेगेत गेली. युक्ती चालली म्हणायची.

पोरीला सांगा, जगते. नवं शेपूट येतं, पण आत मणके नसतात, नुसती कूर्चेची कांडी असते. आखूड, रंगानं वेगळं, दिसायला थोडं चिकटवल्यासारखं. मात्र फुकट नाही मिळत. चरबीचा साठा ह्या शेपटीतच असतो, म्हणजे आपली कणगीच. ती टाकून पळाली, आता पुन्हा भरायची. मृगाचा पाऊस वेळेवर आला तर वाळवी, कोळी, बारके किडे मिळतील आणि भरेल. पाऊस लांबला तर अवघड.

हे आलंच म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही मनात आला तर. मे महिन्यात दुपारी त्या मुरमावर अनवाणी पाय टेकवून बघा. एवढ्या बारक्या जनावराला ते सोसायचं नाही. म्हणून त्याचा सगळा संसार दगडाखाली. चपटा दगड वरून तापतो, पण खाली मातीला टेकलेल्या बाजूला ओल धरून ठेवतो. वळवानंतर चार-आठ दिवस ती ओल असते तेव्हा ह्या वर येतात, एरवी खोल भेगांत. तुम्ही उचललेला दगड म्हणजे तिचं घर, माठ आणि छप्पर, सगळं एकच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलंच नाही. लहान पोरीला घेऊन दगड उचलता, तर नीट उचला. सापसुरळीची भीती नाही, पण त्याच दगडाखाली फुरसं असतं आणि लाल विंचू असतो. दगड नेहमी पलीकडची कड धरून आपल्याकडं उचलायचा, म्हणजे दगडच ढाल होतो आणि आतलं जनावर पलीकडं पळतं. आपल्या बाजूची कड वर केली की ते थेट पायावर. बोटं खाली घालायची नाहीत, काठी किंवा खुरप्याचं टोक घाला. फुरसं चावलं तर मांत्रिक नाही, गावातली जडीबुटी नाही, सरळ सरकारी दवाखाना. लाल विंचू मुलांना तर जिवावरचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन वापरून ह्यावरच्या उपचाराची वाट दाखवली, पण ते औषध डॉक्टरनंच द्यायचं, आणि लवकर. घाबरायचंच तर योग्य जनावराला घाबरा एवढंच माझं म्हणणं.

बघून झालं की दगड त्याच खळग्यात, त्याच बाजूनं परत ठेवायचा. उलटा पडलेला दगड म्हणजे छप्पर काढलेलं घर.

जेसीबीबद्दल उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.

मेंढरामागं

चष्मावाले काका, लई भारी लिव्हलंय. मी अक्कलकोट बाजूचा, आमच्या घरात कन्नड आन् मराठी दोन्ही. आज्जी हिला हावुराणी म्हणायची. हावु म्हंजे साप, राणी तर राणीच. तुमच्यात मावशी, आमच्यात राणी. मान जास्त दिला पण मारायचे तेवढंच. मीच ल्हानपणी मेंढरं राखताना धा-बारा तरी ठेचल्या असतील, खोटं कशाला बोलू. कुणी विचारलं तर सांगायचो की कोकरू वाचवलं.

एक सांगतो. मेंढरं बसल्याली जागा असती, तिथल्या दगडाखाली ह्या जास्त घावत्यात. लेंडीखतानं किडं होत असतील. आन् गवत पेटवल्याल्या रानात दोन-तीन वर्सं दिसत नाहीत, तिथं नुसतं काळं कुसळ उरतं.

पेठेतला_बुलबुल

चूक मान्य. लाल शेपूट वाचूनही मी पुण्याकडंच धावलो. पण काका, एक शंका. माळावर पट्ट्यापट्ट्यांची एक छोटी सरडुली उन्हात भर दुपारी पळताना दिसते, तीही सापसुरळीच ना? मी तिचे बरेच फोटो सापसुरळी म्हणून टाकलेत.

जुना_चष्मा

नाही. ती ओफिसॉप्स. वेगळ्याच कुळातली. पाय चांगले लांब, खवले खरखरीत, आणि पापण्या मिटून काचेसारख्या झालेल्या, म्हणजे ती डोळा मिटूच शकत नाही. डोळ्यांवरून सापाची मावशी कुणाला म्हणायचं झालं तर हिला म्हणायला पाहिजे, पण हिला कुणी नावंच ठेवत नाही. फोटोंखालची नावं बदला.

आणि आता जेसीबी. बरडवाला, मी तुमच्या वडिलांच्या विरोधात नाही. ज्याचं पोट त्या रानावर आहे त्याला शहरातल्या माणसानं माळ जपा म्हणणं सोपं असतं. पण एक बघा. आमच्याकडं कागदावर माळाला पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की माणसाचा हात शिवशिवतो, काहीतरी लावलं पाहिजे, सपाट केलं पाहिजे. झाडं लावणं तर पुण्यच. गवताळ माळावर ग्लिरिसिडियाची रांग उभी केली की सावली पडते, गवत जातं, आणि गवतावर जगणारं सगळं मागोमाग जातं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर ते १,२२२ वर आणलं. माळढोकावर लोक बोलले, लिहिलं, भांडले. बोलायलाच पाहिजे. पण माळढोक जे टिपून खातो ते टोळ, भुंगे, छोटे सरपटणारे जीव, त्यांचं घर ह्या दगडाखाली, आणि त्याबद्दल कुणी भांडत नाही. (एक अपवाद: गळ्याला निळा-केशरी पंखा असलेल्या आपल्या माळावरच्या सरड्यांच्या एका गटाला २०१६ मध्ये अभ्यासकांनी नावच 'सरडा' दिलं, आपला मराठी शब्द. मला फार बरं वाटलं होतं.)

करायचं काय? सीताफळ हे मुळात बरडाचंच झाड, त्याला सपाट रान लागत नाही. जेसीबीनं अख्खं रान खरवडण्यापेक्षा झाडापुरते खड्डे घ्या, मधल्या ओळीत दगड-गवत राहू द्या. मातीही वाहून जाणार नाही. जे दगड निघतील त्यांचे उताराला आडवे ताल घाला, कोरडे रचलेले, सिमेंट न घालता. फटीत ह्या राहतात. आणि बांधाकडची दोन-तीन गुंठ्यांची पट्टी, जिथं लाल शेपटीवाली दिसली, ती तशीच सोडा. पेटवू नका, गवत कापून न्या हवं तर. डिझेलचा खर्चही वाचेल. वडिलांना हेच शेवटचं वाक्य आधी सांगा.

बाळीवेस_बॉईज

काका तुम्ही कॉलेजात शिकवायला पायजे होतं बे. (बे प्रेमानं.)

जुना_चष्मा

मी शिकवायचो. सर लोक वर्गात आणि मी स्टोअररूममध्ये.

बरडवाला_नान्नज

काका, तुमचं सगळं वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. विष नाही म्हटल्यावर आई म्हणाली, "त्यास्नी काय ठाऊक, त्यांच्या दुधात पडली नाही." आप्पा अजून मावशीवरच हायत. पण डिझेलचं वाक्य बरोबर बसलं. जेसीबीवाल्याचा तासाचा दर आणि खड्ड्याला माणसं लावायचा खर्च वडिलांनी वहीच्या मागच्या पानावर मांडला, दोनदा मांडला, आन् मग काही न बोलता भाकरी खाल्ली. खड्डे घ्यायचं ठरलंय. बांधाकडच्या पट्टीबद्दल "बघू" म्हणालेत. आमच्याकडं बघू म्हंजे बहुतेक हो, पण सांगता येत नाही.

काल संध्याकाळी पोरगी आणि मी परत गेलो. तुम्ही सांगितलं तसं पलीकडची कड धरून उचलला. त्या दगडाखाली काही नव्हतं. त्याच्या शेजारच्या दगडाखाली विंचू होता, लाल, आन् मी तुमचं नाव काढलं. तिसऱ्याखाली एक मोठी सापसुरळी होती, शेपूट तपकिरी, अख्खं. दोन मिनिटं हललीच नाही. पोरगी पोटावर झोपून बघायली होती, एकदम ओरडली, "पप्पा, तिनं डोळा मारला!" म्हंजे पापणी मिटली. ही तिची आई असंल का, असं विचारायलीय. मी म्हणालो काकांना विचारतो.

दगड त्याच खळग्यात ठेवला. पोरीनं वर चुन्याची फुली केलीय, म्हणजे आजोबा चुकून उचलणार नाहीत.

काडीपेटी अजून तिच्या दप्तरात हाय. शेपूट वाळून काडीगत कडक झालंय, लाल रंग गेला. त्याला मुंग्या लागू नयेत म्हणून काय करायचं, ते तेवढं सांगा. तुमच्या त्या बाटल्यात काय घालायचे?

जुना_चष्मा

आई असेलच असं नाही. ह्या अंडी घालतात आणि पिल्लं आपापली मोठी होतात. पण तिला हो म्हणून सांगितलंत तरी माझी हरकत नाही.

शेपटीला स्पिरिट लागेल, पण एकदा वाळलेलं त्यानं पुन्हा मऊ होत नाही. आता कापूर टाका काडीपेटीत, बारका खडा. आणि चिठ्ठी लावा: जागा, तारीख, कुणाला मिळालं. पेन्सिलनं लिहायला सांगा, शाई पुसते.